खोडलेल्या किमतीचा वाद

युडेमीसारख्या आंतरजालीय बाजारपेठेत एखाद्या अभ्यासक्रमाची किंमत पाहू गेल्यास बहुधा दोन आकडे शेजारीशेजारी आढळतात: एक, आडवी रेघ मारून खोडलेला, तीन-साडेतीन हजार रुपयांचा, दुसरा, त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढा, साधारण पाचशे रुपयांचा, आणि त्याच्याजवळ ही सवलत काही तासांत संपणार असल्याची सूचना. ज्या विद्यार्थ्याने एखाद्या मधल्या दिवशी पूर्ण दर्शनी किंमत भरली, त्याला चार दिवसांनी पाचशेचा आकडा दिसला की आपण नाडले गेलो असे वाटते. आणि ज्या शिक्षकाने महिनोन्महिने खपून तो अभ्यासक्रम ध्वनिचित्रित केला, त्याला आपल्या श्रमांचे मोल आपल्या डोळ्यांदेखत खोडले जात असल्याचे दुःख होते. विद्यार्थी शिक्षकाला लोभी म्हणतो, शिक्षक विद्यार्थ्याला फुकट्या म्हणतो, आणि ज्या आकड्यावरून हा कलह माजतो तो आकडा मात्र बहुतेक वेळा या दोघांपैकी कोणीही ठरवलेला नसतो.

एरेन बाली, ओक्ताय चालार आणि गगन बियाणी यांनी २०१० साली युडेमी सुरू केली, तेव्हा ज्याला जे येते त्याने ते शिकवावे आणि आपली किंमत आपणच लावावी, अशी तिची साधारण धारणा होती. प्रत्यक्षात झाले असे, की शिक्षकांनी दोनशे-तीनशे डॉलरच्या दर्शनी किमती लावल्या आणि त्यावर नव्वद-पंचाण्णव टक्के सवलतीच्या कूपनांची खैरात मांडली. म्हणजे खोट्या मूळ किमतीचा पायंडा पाडण्यात शिक्षकवर्गाचाही हात होता, हे न्यायबुद्धीने मान्य केलेच पाहिजे. ही अनावस्था थांबवण्यासाठी कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये फर्मान काढले, की यापुढे प्रत्येक सशुल्क अभ्यासक्रमाची किंमत २० ते ५० डॉलरच्या दरम्यान, पाच-पाच डॉलरच्या पायऱ्यांनीच असावी आणि सवलत निम्म्याहून अधिक नसावी. दोन तासांच्या प्राथमिक धड्यांना आणि चाळीस तासांच्या सखोल अध्यापनाला एकाच चौकटीत कोंबणाऱ्या या नियमाने शिक्षकांत मोठा असंतोष उसळला. अनेकांनी टीचेबल, थिंकिफिक अशा ठिकाणी, जेथे शिक्षक आपले दुकान आपणच चालवतो आणि किंमतही आपणच ठरवतो, तेथे बिऱ्हाड हलवले. कंपनीला माघार घ्यावी लागली आणि पुढे कमाल मर्यादा २०० डॉलरपर्यंत वाढवण्यात आली. परंतु शिक्षकाला दर्शनी किमतीचे स्वातंत्र्य परत मिळाले असले, तरी प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीची सूत्रे कंपनीच्या सवलत-योजनेकडेच राहिली. त्या योजनेत सामील व्हायचे की नाही, हे शिक्षकाच्या मर्जीवर असते. मात्र सामील न झाल्यास जेथे सर्वत्र पाचशेची पाटी आहे तेथे साडेतीन हजारांची पाटी लावून बसावे लागते, आणि अशा मर्जीला स्वातंत्र्य म्हणणे मला कठीण वाटते.

आता त्या पाचशे रुपयांचा हिशेब पाहू. परदेशातून पुरवल्या जाणाऱ्या अशा आंतरजालीय सेवांवरही भारतात १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तो किमतीत अंतर्भूत धरला, तर ४९९ रुपयांतून उरतात सुमारे ४२३. विद्यार्थी शिक्षकाने दिलेल्या कूपनाने आला असेल, तर शिक्षकाला त्यातील ९७ टक्के मिळतात. परंतु तो बाजारपेठेत हिंडताना स्वतःहून आला असेल, तर शिक्षकाचा वाटा ३७ टक्के, म्हणजे सुमारे १५६ रुपये. हा वाटा पूर्वी निम्मा होता, तो २०२१ साली घटवण्यात आला. खरेदी मोबाइलवरील अॅपमधून झाली, तर अॅपच्या दुकानदाराचे ३० टक्के आधीच वजा होतात आणि शिक्षकाच्या हाती सुमारे ११० रुपये पडतात. पाचशे रुपये भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात मात्र अशी दृढ समजूत असते, की ती सगळी रक्कम, किंवा निदान तिचा मोठा भाग, शिक्षकाच्या पदरी पडली.

या समजुतीतूनच त्याच्या अपेक्षा जन्म घेतात. एकदा घेतलेला अभ्यासक्रम आजीवन आपला, असे आश्वासन त्याला बाजारपेठेने दिलेले असते. आणि हा शब्द ऐकायला जितका उदार तितकाच शिक्षकाच्या दृष्टीने भारी असतो. इतिहासाच्या व्याख्यानाला दहा वर्षांत फारसे जुनेपण येत नाही. पण संगणकीय भाषा, हिशेबाची आज्ञावली किंवा मोबाइलवरील अॅप कसे बांधावे हे शिकवणाऱ्याला दर सहा-आठ महिन्यांनी नवी आवृत्ती आली म्हणून कित्येक धडे पुन्हा चित्रित करावे लागतात. तीन वर्षांपूर्वी ज्याच्यामुळे शिक्षकाला ११० रुपये मिळाले तो विद्यार्थी आजही प्रश्न विचारतो, आणि त्याने विचारावेही, कारण त्याला तसे सांगूनच विक्री झालेली आहे. उत्तराला उशीर झाला तर तो एक तारा देऊन जातो. ताऱ्यांची सरासरी घसरली की शोधयादीत अभ्यासक्रम खाली जातो. आणि खाली गेलेल्या अभ्यासक्रमाला वर आणण्याचा उपाय म्हणून शिक्षक पुन्हा सवलतीचीच कास धरतो. अध्यापनाचे ऋण कायमचे आणि मोबदला एकदाच, अशा या करारात चांगला शिक्षक थकतो, आणि जो पुढील चौकशीला उत्तरच देत नाही, एक पुरा न करता दुसरा अभ्यासक्रम बाजारात लोटतो, तो टिकतो. मला या सर्व प्रकारातील सर्वांत मोठी हानी ही वाटते.

परताव्याचा वाद याच्याच पोटातला. खरेदीपासून ३० दिवसांत, समाधान न झाल्यास, पैसे परत मागण्याची हमी युडेमी देते. न पाहता घेतलेल्या मालाच्या बाबतीत ही हमी न्याय्यच आहे आणि ती नसती तर निकृष्ट अभ्यासक्रमांपासून विद्यार्थ्याला संरक्षण उरले नसते. परंतु चढ्या किमतीला घेतलेला अभ्यासक्रम परत करून तोच सवलतीत पुन्हा घेणारे, किंवा सर्व धडे पाहून झाल्यावर परतावा मागणारे काही थोडे असतात, आणि त्यांच्या रकमेतील शिक्षकाचा वाटाही वजा होतो. बहुतांश पाहून झालेल्या अभ्यासक्रमाचा परतावा नाकारण्याची तरतूद आहे. तिचा अंमल कंपनीच्या हाती, आणि संशय मात्र शिक्षक सर्वच विद्यार्थ्यांवर घेऊ लागतो.

सदस्यवर्गणीच्या पद्धतीने, म्हणजे ठरावीक रक्कम भरून हजारो अभ्यासक्रम पाहण्याच्या सोयीने, विद्यार्थ्यासमोरून खोडलेली किंमत नाहीशी होते खरी. शिक्षकांसाठी त्या वर्गणीतून राखलेला हिस्सा मात्र पूर्वी २५ टक्के होता, तो २०२४ मध्ये २०, २०२५ मध्ये साडेसतरा आणि २०२६ साठी १५ टक्के असा क्रमाने उतरवण्यात आला, आणि कोणाचे धडे किती मिनिटे पाहिले गेले यावर त्याची वाटणी होते.

मध्यस्थाच्या हिश्श्यावरून उत्पादक आणि ग्राहक यांच्यात वितुष्ट येणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. बाजार समितीत शेतमालाच्या विक्रीवरची अडत शेतकऱ्याने सोसायची की खरेदीदाराने, हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे-भाजीपाल्याच्या बाबतीत तो भार खरेदीदाराकडे वळवला. अडत कोणावर पडावी याविषयी तेव्हा दुमत होते; पण पट्टीवर अडतीचा आकडा लिहिलेला असे, म्हणून निदान वाद कशाविषयी आहे हे उभयपक्षी ठाऊक होते.

खोट्या मूळ किमतीविषयी कायदा मूक नाही. कॅलिफोर्नियात, जेथे या कंपनीचे मुख्यालय आहे, जाहिरातीत पूर्वीची म्हणून दाखवलेली किंमत ही लगतच्या तीन महिन्यांत बाजारात खरोखर प्रचलित असलेली असावी लागते. युरोपीय संघात मे २०२२ पासून वस्तूंवरील सवलत जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत आधारभूत धरावी लागते. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केलेल्या ई-वाणिज्य नियमांत एकाच वर्गातील ग्राहकांमध्ये भेदभाव करण्यास मनाई आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा कपटी युक्त्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात पहिलाच क्रमांक खोट्या निकडीचा, म्हणजे वेळ संपत आल्याचा आभास निर्माण करून खरेदी करवण्याचा, आहे. ज्याची सवलत आज रात्री संपून परवा पुन्हा सुरू होते, अशा घड्याळाला ही व्याख्या लागू पडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि विद्यार्थ्याने त्याविषयी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवण्यास कचरू नये.

शिक्षकाला मात्र या कायद्याखाली दाद मागता येत नाही, कारण तो ग्राहक नव्हे; त्याच्या बाजूने असलेला दस्तऐवज म्हणजे कंपनीने लिहिलेला आणि कंपनीलाच बदलता येणारा करार. ई-वाणिज्य नियमांनी एकूण किंमत आणि तिच्यातील कर व इतर आकार वेगळे करून दाखवण्याची सक्ती केलेली आहे. त्याच तपशिलात, कराच्या खाली, अॅपच्या दुकानदाराला इतके, बाजारपेठेला इतके आणि शिकवणाऱ्याला इतके, अशा तीन ओळी वाढवण्याची तरतूद नियमांत करावी, अशी मागणी विद्यार्थी आणि शिक्षक या दोघांनीही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे एकत्रितपणे केली पाहिजे. तिला ना मोठा खर्च आहे, ना कोणाच्या किमतीवर त्यात निर्बंध आहे.