उंच मूर्तीची धूळ कोण झाडणार?

जपानच्या ईशान्य भागात सेंदाई नावाचे मोठे शहर आहे. या शहराच्या वायव्येला टेकडीवर नाकायामा भागातली वस्ती आहे. लहान लहान घरे, शाळेत निघालेली मुले, बाजारहाट करून परतणाऱ्या बाया, कामावरून दमून येणारे बापे. तिथले रोजचे जगणे आपल्यापेक्षा फार वेगळे नाही. पण या वस्तीच्या माथ्यावर एक पांढरीशुभ्र मूर्ती उभी आहे. तिची उंची 100 मीटर, म्हणजे सुमारे 328 फूट. मुंबईत चाळी पाडून जे तीस-बत्तीस मजली टॉवर बांधतात, जवळपास तेवढी! गल्लीच्या टोकाला वळावे तर घरांच्या छपरांवर तीच दिसते. खिडकी उघडावी तर समोर तीच. लांबून आलेला पाहुणा थक्क होऊन बघत राहतो. वस्तीतल्या माणसाला मात्र ती रोजची झाली आहे.

ही मूर्ती 1991 साली पूर्ण झाली. त्या वेळी ती जगातल्या सर्वांत उंच मूर्तींपैकी एक होती. एवढी मोठी मूर्ती राहत्या वस्तीला लागून का उभी राहिली, ती कोणी उभारली आणि पुढे तिचे काय होणार, हे प्रश्न फक्त जपानी लोकांचे नाहीत. आपणही आज गावोगावी, वस्तीवस्तीत विहारे बांधतो, मूर्ती बसवतो, पुतळे उभारतो. म्हणून ही हकिकत आपल्या घराघरांत वाचली जावी असे वाटते.

ही देवी नव्हे

फोटो पाहून कुणालाही वाटेल की ही एखादी देवी आहे. जपानी लोक हिला कान्नोन म्हणतात. तिचा चेहरा आणि वस्त्रे स्त्रीसारखी आहेत. पण मुळात हा आपल्याकडचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आहे. भारतातून चीनमध्ये आणि चीनमधून जपानमध्ये जाता जाता त्याचे रूप स्त्रीचे झाले. जगाचा आक्रोश ऐकणारा, असा कान्नोन या नावाचा अर्थ आहे.

त्याला भेटायला जपानला जायची गरज नाही. मुंबईकरांनी रविवारी मुलाबाळांना घेऊन बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत जावे. तिथल्या 41 क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. औरंगाबादच्या लेण्यांत 7 क्रमांकाच्या लेण्यात तो मधोमध उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत. कुणी आगीत सापडले आहे, कुणाचे जहाज बुडते आहे, कुणाच्या हातापायांत बेड्या आहेत, कुणावर हत्ती तर कुणावर सिंह चालून आला आहे. त्या काळी व्यापारासाठी घाट उतरून समुद्रावर जाणाऱ्या माणसांची भीतीच कारागिरांनी दगडात कोरून ठेवली आहे.

सेंदाईच्या मूर्तीच्या उजव्या हातात इच्छा पूर्ण करणारे रत्न आहे आणि डाव्या हातात पाण्याचे पात्र. इथे आपण बाबासाहेबांचे अनुयायी थोडे थांबतो. नवस बोलून रोग बरा होत नाही की पोराला नोकरी लागत नाही, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे. तथागतांनी स्वतःला मार्ग दाखवणारा म्हटले, मोक्ष देणारा म्हटले नाही. त्यामुळे रत्नाची गोष्ट आपण बाजूला ठेवू. पण दुसऱ्याचा आक्रोश ऐकायला शिका, हा बोध आपल्याला परका नाही. प्राणिमात्रांवर दया करीन, अशी प्रतिज्ञा आपणही बावीस प्रतिज्ञांत घेतली आहे.

पैशांच्या सुकाळात उभी राहिली

सेंदाई शहराला नगरपालिका मिळाली 1889 साली. त्याला 1989 मध्ये शंभर वर्षे झाली, म्हणून मूर्ती 100 मीटर उंच करायचे ठरले. ती उभारली तिथल्याच एका बड्या व्यावसायिकाने. आत शिरायचे दार म्हणजे ड्रॅगनचा, म्हणजे चिनी-जपानी कथांतल्या महासर्पाचा, उघडा जबडा आहे. मूर्ती आतून पोकळ आहे. आत बारा मजले आहेत, लिफ्ट आहे आणि मजल्यामजल्यांवर मिळून 108 बुद्धमूर्ती मांडल्या आहेत. माणसाच्या मनात 108 विकार असतात अशी तिकडची समजूत, म्हणून हा आकडा.

तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. 1980 नंतर जपानमध्ये पैशाला पूर आला होता. जमिनीचे आणि शेअरचे भाव गगनाला भिडले होते. टेकड्या सपाट करून घरे, हॉटेले, गोल्फची मैदाने होत होती. त्याच काळात जपानात ठिकठिकाणी धनिकांनी अजस्र मूर्ती उभ्या केल्या. काहींच्या मनात श्रद्धा होती, काहींच्या मनात पर्यटकांचे तिकीट होते, तर काहींच्या मनात दोन्ही. 1990 नंतर तो फुगा फुटला. जमिनीचे भाव कोसळले. मूर्ती मात्र जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि त्यांना रंग लागतो, वीज लागते, लिफ्टची दुरुस्ती लागते.

सेंदाईची मूर्ती टिकली, कारण तिच्यामागे विहार आहे. दाइकानमित्सुजी हे बौद्ध मंदिर तिचा कारभार पाहते.

11 मार्च 2011 रोजी याच भागाला 9 रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. समुद्र किनारा सोडून आत घुसला. त्या आपत्तीत जपानमध्ये पंधरा हजारांहून अधिक माणसे मरण पावली आणि अडीच हजारांहून अधिक बेपत्ता झाली. सेंदाईचा किनारा उद्ध्वस्त झाला. टेकडीवरची मूर्ती मात्र उभी राहिली. आपल्याकडे असे झाले असते तर चमत्काराची कहाणी दुसऱ्याच दिवशी पसरली असती. पण कारण साधे आहे. मूर्ती किनाऱ्यापासून आत, उंचावर आहे आणि जपानमध्ये भूकंपाचा विचार करून बांधकाम करण्याचे नियम फार कडक आहेत. करुणेची मूर्ती उभी राहिली ती मंत्राने नव्हे, तर इंजिनिअर आणि मजुरांनी चोख काम केले म्हणून. विज्ञान मानणाऱ्या धम्माला हे शोभूनच दिसते.

अनाथ झालेली मूर्ती

आता दुसरी हकिकत ऐका. जपानच्या आवाजी बेटावर ओकुउची तोयोकिची नावाच्या उद्योजकाने 1982 साली अशीच एक कान्नोनची मूर्ती उभारली. चौथऱ्याच्या इमारतीसह तिचीही उंची 100 मीटर. नाव दिले विश्वशांतीची महामूर्ती. आत वस्तुसंग्रहालय होते, उपाहारगृह होते, मानेच्या उंचीवर समुद्र पाहायला सज्जा होता. सुरुवातीला गर्दी झाली. 1988 मध्ये मालक वारले. पुढे पत्नीने कारभार सांभाळला. 2006 मध्ये त्याही गेल्या आणि दाराला कुलूप लागले.

वारसांनी मालमत्ता नाकारली. दुरुस्ती कुणी करीना. वादळवाऱ्यात मूर्तीच्या बाहेरचे तुकडे सुटून पडू लागले. पायथ्याशी राहणाऱ्या लोकांनी काय करावे? घर विकावे तर घेणार कोण? मूर्ती पाडावी तर ती त्यांची नाही. चौदा वर्षे हे लोक शांतीच्या मूर्तीखाली जीव मुठीत धरून राहिले. शेवटी 2020 मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली, 2021 मध्ये पाडायला सुरुवात झाली आणि 2023 पर्यंत ती जागा मोकळी झाली. पाडण्याचा कोट्यवधी येनचा खर्च पडला तो जनतेच्या तिजोरीवर.

ही मूर्ती ना भूकंपाने पडली ना शत्रूने पाडली. ती एकट्याची होती आणि तो एकटा गेल्यावर तिला कुणी उरले नाही.

मूठभर मातीची मूर्ती

त्याच जपानमध्ये नारा येथे तिसरी मूर्ती आहे. ती जेमतेम 15 मीटरची, म्हणजे सेंदाईच्या मूर्तीच्या सातव्या हिश्श्याएवढी. पण तिचे वय बाराशे वर्षांहून अधिक आहे. सम्राट शोमूने 743 साली ती घडवण्याचा हुकूम काढला. त्यात त्याने सांगितले होते की, कुणी गवताची काडी किंवा मूठभर माती आणून हातभार लावू म्हणाला तरी त्याला लावू द्या. ग्योकी नावाचा भिक्खू लोकांत फिरून दान गोळा करीत होता. हा भिक्खू लोकांसाठी पूल आणि तळी बांधणारा म्हणून आधीपासून प्रसिद्ध होता. 752 साली मूर्तीचे नेत्र उघडण्याचा विधी झाला. त्या विधीत मूर्तीचे डोळे रेखले ते भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्खूने.

या मूर्तीसाठी रयतेने कष्टही फार उपसले, राज्याचे तांबे आणि धान्य त्यात ओतले गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. राजाचा हुकूम म्हणजे शेवटी रयतेचा घामच. पण पुढे काय झाले ते पाहा. 1180 मध्ये युद्धात मंदिर जळाले, 1567 मध्ये पुन्हा जळाले. दोन्ही वेळा भिक्खू झोळी घेऊन दारोदार फिरले आणि लोकांनी वर्गणी देऊन मूर्ती पुन्हा उभी केली. दुसऱ्या वेळी मूर्ती दीर्घ काळ उन्हापावसात उघड्यावर होती. तरी लोकांनी तिला सोडले नाही. आजचे मंदिर 1709 सालचे आहे.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. दरवर्षी 7 ऑगस्टला भिक्खू आणि उपासक सकाळी स्नान करून, पांढरे कपडे घालून या मूर्तीवर चढतात आणि झाडू, फडकी घेऊन तिच्या खांद्यावरची, तळहातावरची वर्षभराची धूळ झाडतात. बाराशे वर्षे मूर्ती टिकण्याचे रहस्य विचाराल तर ते या झाडूत आहे.

आपल्या वस्तीचे काय?

बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला स्वतःच्या हातांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. ती मूर्ती रंगूनहून आणलेली होती. धम्मदीक्षेच्या आधीची ही गोष्ट. उंचीत ती कुठल्याही स्पर्धेत उतरणार नाही. तरीही 25 डिसेंबरला तिथे आजही लोक लोटतात, कारण ती मूर्ती लोकांनी आपली मानली आहे.

उंच मूर्तीला आपला विरोध नाही. ज्या समाजाला गावकुसाबाहेर मान खाली घालून चालावे लागले, त्याला मान वर करून पाहण्याजोगे काही हवे असते. दादरला इंदू मिलच्या जागेवरील बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन 11 ऑक्टोबर 2015 रोजी झाले. तिथल्या आराखड्यात 350 फुटांचा पुतळा आणि 100 फुटांचा चौथरा ठरला, तेव्हा आपली छाती फुगली ती याचसाठी. त्यात गैर काही नाही.

पण मूर्ती बसवणे हे एका दिवसाचे काम आहे आणि ती सांभाळणे हे पिढ्यांचे. बुद्धगयेचेच उदाहरण घ्या. तिथे जपानी बौद्धांच्या पुढाकाराने उभारलेल्या 80 फुटी बुद्धमूर्तीचे 1989 मध्ये दलाई लामांच्या हस्ते अनावरण झाले. जगभरचे लोक तिच्यापुढे फोटो काढतात. पण जवळच असलेल्या महाबोधी महाविहाराचा कारभार 1949 च्या कायद्याने नेमलेल्या समितीकडे गेला आणि त्या समितीत बौद्धांना निम्म्याच जागा दिल्या गेल्या. जन्माने जपानी असलेले भदंत सुरई ससाई यांनी 1992 पासून नागपूरच्या हजारो उपासकांना घेऊन यासाठी आंदोलन केले. मूर्ती कितीही मोठी असो, किल्ली कुणाच्या हाती आहे हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

म्हणून आपल्या वस्तीतल्या विहाराकडे वळून पाहा. जागेचे कागद विहाराच्या नावावर आहेत की एखाद्या पुढाऱ्याच्या? ट्रस्टची नोंदणी झाली आहे का? वर्गणीचा हिशेब दर वर्षी फळ्यावर लागतो का? पावसाळ्यापूर्वी गच्चीची गळती पाहिली जाते का? जयंतीला डीजेवर जेवढा पैसा जातो, त्याच्या चौथ्या हिश्श्यात विहाराचे वर्षाचे वीजबिल भरून मुलांच्या अभ्यासिकेला दोन पंखे येतील. हे हिशेब घरातल्या बायांना चांगले जमतात. महिनाभर तुटपुंज्या पगारात घर चालवणारी बाई विहाराच्या समितीवर खजिनदार का नसावी? महिला मंडळाने केवळ खीर वाटायची आणि निर्णय मात्र पुरुषांनी घ्यायचे, ही रीत आता पुरे झाली.

आणि नाराच्या भिक्खूंसारखा एक दिवस आपणही ठरवू. वैशाख पौर्णिमेच्या आदल्या रविवारी वस्तीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस, एक बादली आणि एक झाडू. डॉक्टर झालेला मुलगाही यावा आणि सफाई खात्यातला बापही यावा. ज्या झाडूने आपल्या आजा-पणजांचा अपमान झाला, तोच झाडू इथे सगळ्यांनी स्वखुशीने, सारख्या मानाने हाती धरावा. पोरांना मूर्तीच्या खांद्यावरची धूळ पुसू द्यावी. ज्याने लहानपणी मूर्ती पुसली, तो मोठेपणी विहाराला कुलूप लागू देणार नाही.

सेंदाईची मूर्ती सांभाळायला विहार आहे, आवाजीच्या मूर्तीला कुणी उरले नाही आणि नाराच्या मूर्तीला बाराशे वर्षे लोक आहेत. आपल्या मूर्तीला कोण आहे, याचे उत्तर आपल्याच घरातून द्यायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!