मुक्या बंदुकीची निगा

बंदूक म्हटली की आधी आठवतो तो तिचा आवाज. तो ऐकल्याशिवाय गोळी सुटली हे आपल्या मनाला पटत नाही. परंतु मुंबईच्या पोटात वसलेल्या आरे कॉलनीत आणि तिला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जी बंदूक खरोखर कामाला येते, ती जवळजवळ मुकी असते. जीव घेण्यासाठी नव्हे, तर वाचवण्यासाठी ती उचलली जाते. वन विभागाची ही भुलीची बंदूक. वर्तमानपत्रात तिच्या वाट्याला एखादेच वाक्य येते: 'बिबळ्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले.'

१९४९ मध्ये दुग्धवसाहत म्हणून आरे वसली, तेव्हा आदिवासींचे पाडे तिथे होतेच आणि बिबळेही होते. वाघोबाला पुजणाऱ्या वारल्यांना या शेजाऱ्याचे नवल नाही. पण वस्ती वाढली, उकिरडे वाढले, उकिरड्यांवर भटकी कुत्री वाढली आणि कुत्र्यांच्या मागे बिबळ्या थेट दारापर्यंत आला. सप्टेंबर २०२१ मध्ये आरेत एकामागून एक हल्ले झाले. २४ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दिवाळीत, सोळा महिन्यांची एक मुलगी बिबळ्याच्या हल्ल्यात दगावली. अशा वेळी वन विभाग बहुधा पिंजरे लावतो. मात्र जनावर घरात किंवा शाळेत शिरून बसले, तर पिंजऱ्याचा उपयोग नसतो. डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरीच्या शेर-ए-पंजाब वसाहतीतल्या बालवाडीत बिबळ्या शिरला, तेव्हा त्याला भूल देऊनच बाहेर काढावे लागले.

ही बंदूक मुकी का? साध्या रायफलीत दारू पेटते, तिचा तापलेला वायू प्रचंड दाबाने नळीतून बाहेर फुटतो आणि बार ऐकू येतो. अमेरिकेच्या हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये रायफलीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. नळीच्या तोंडावर बसणाऱ्या या डब्यात एकामागोमाग एक पडदे असतात. त्यांच्या कप्प्यांत वायू अडतो, पसरतो, थंड होतो आणि मगच बाहेर पडतो. आपल्या रिक्षाचा सायलेन्सर वेगळे काही करीत नाही. आपल्या शस्त्र नियमांनी हे साधन प्रतिबंधित वर्गात ठेवले आहे. जिथे ते सर्रास वापरतात, तिथले जाणकार एक पथ्य कटाक्षाने पाळतात: काम झाले की डबा नळीवरून काढायचा, कोरडा करायचा, आटे पुसायचे. जळलेल्या दारूची काजळी आणि ओल आत साचली की धातू गंजतो आणि तीच ओल नळीत उतरते. आटे झिजून डबा तिरका बसला, तर गोळी पडद्यालाच धडकते.

भुलीच्या बंदुकीला असा डबा लागत नाही. न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांनी १९५० च्या दशकात अशा बंदुका प्रथम घडवल्या, त्यांतला एक प्रचलित प्रकार कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालतो. दारू नाही, म्हणून काजळी नाही आणि कानठळ्याही नाहीत. पण म्हणून निगा सुटत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवा कोणत्याही नळीला सोडत नाही. कामानंतर उरलेला वायू सोडून द्यावा लागतो. रबराच्या कड्यांना सिलिकॉनच्या तेलाचे बोट लावावे लागते, चीर दिसली की कडे बदलावे लागते. दाब दाखवणारा काटा खोटा बोलत नाही ना, हे पाहावे लागते. कारण अंतराप्रमाणे दाब ठरतो: कमी पडला तर नेम चुकतो, जास्त झाला तर सुई मांसात रुतून हाडापर्यंत इजा करते.

खरी मेख आहे ती डार्टमध्ये. डार्ट म्हणजे उडणारी सिरिंज. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्यात दाबलेली हवा, मध्ये रबरी दट्ट्या. सुईचे टोक बंद असते, भोक बाजूला असते आणि त्यावर सिलिकॉनची इवलीशी बाही चढवलेली असते. सुई कातड्यात शिरली की बाही मागे सरकते, भोक उघडते आणि हवा दट्ट्याला रेटून औषध आत ढकलते. मागच्या वेळचे औषध भोकात सुकून बसले असेल किंवा दट्ट्या चिकटला असेल, तर डार्ट मांडीवर नेमका लागतो, पण औषध आत जात नाही. बाही सैल असेल, तर ते वाटेतच सांडते. म्हणून प्रत्येक डार्ट सुटा करून धुवावा, वाळवावा, तेल लावून जुळवावा आणि मोहिमेपूर्वी पाणी भरून मारून पाहावा. हे धुणे हातमोजे घालूनच करायचे असते, कारण औषधाचा अंश माणसालाही बाधू शकतो.

साधी बंदूक अडली तर बार होत नाही, सगळ्यांना कळते. मुक्या बंदुकीची चूक मुकीच राहते. बाहेरून सारे ठीक दिसते: डार्ट लागला, जनावर निपचित पडले. झायलाझीन आणि केटामाइन यांची भूल चढायला काही मिनिटे जातात. औषध अर्धेच गेले असेल, तर जाळे घेऊन खोलीत शिरणाऱ्या वनरक्षकासमोर अर्धवट जागा बिबळ्या उभा राहतो. दुसरा डार्ट मारावा, तर पहिला किती लागू पडला याचा अंदाज नाही. मात्रा जास्त झाली तर जनावर दगावायचे.

त्यात भोवती गर्दी! डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला आलेल्या गव्याचे काय झाले, ते साऱ्यांनी पाहिले. पाठलाग, आरडाओरड, दोर आणि भूल या सगळ्यातून तो वाचला नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा सांगतो की माणसाच्या जिवावर उठलेले बिबळ्यासारखे जनावरही पकडणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाल्याखेरीज ठार करण्याची परवानगी देता येत नाही. म्हणजे कायद्याची ही सारी माणुसकी शेवटी एका सुईच्या भोकातून जाते.

आरेतल्या पाड्यावर किंवा बाहेरच्या चाळीत पुन्हा केव्हा तरी रात्री फोन खणखणेल. पथक निघेल, गर्दी जमेल, कॅमेरे लागतील. त्या घाईत सुई धुवायला सवड नसते. ते काम आदल्या शांत दुपारी झालेले असावे लागते. ते करणाऱ्या माणसाला वेळ, सुटे भाग आणि सरावाचे डार्ट मिळतात की नाही, हे नव्या पिंजऱ्यांच्या घोषणांइतक्याच आस्थेने विचारायला हवे.