कांद्याची बातमी कोणी द्यायची?

सीनेवरचा पूल ओलांडला की नागापूर लागतं आणि त्याला खेटून एमआयडीसी. कागदोपत्री हा नगर महापालिकेचा भाग. पण पाळी सुटल्यावर मनमाड रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर थांबलेल्या माणसांचं बोलणं ऐकलं तर निम्मं नागापूर अजून शेतातच आहे असं वाटतं. कुणी राहुरीचा, कुणी पारनेरचा, कुणी पाथर्डीचा. पगार कारखान्यातला, जीव मात्र गावाकडच्या चाळीत भरलेल्या कांद्यात. नेप्तीच्या उपबाजारात आज गावरानला काय निघाला, हा इथला रोजचा प्रश्न.

या टपरीवर दिल्लीची बातमी कशी पोचते, हे पाहायचं तर फेब्रुवारी २०२४ मधले तीन दिवस पुरेसे आहेत. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली होती, मुदत ३१ मार्चपर्यंत. १८ फेब्रुवारीला बातमी फुटली की केंद्रीय मंत्र्यांच्या समितीने बंदी उठवायचं ठरवलं आहे आणि तीन लाख टन कांदा बाहेर जाणार आहे. अधिसूचना कुठेच नव्हती, पण अभिनंदनाचे संदेश मोबाईलवर फिरू लागले. लासलगावला १७ तारखेला क्विंटलला १,२८० रुपये असलेला सर्वसाधारण दर १९ तारखेला १,८०० वर गेला. २० तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं, बंदी उठलेली नाही. ज्याने १९ ला माल विकला त्याचं साधलं. बंदी उठलीच आहे, भाव अजून चढेल, म्हणून जो थांबला तो फसला. मार्च संपण्याआधीच बंदी बेमुदत वाढवण्यात आली.

यात कुणी मुद्दाम खोटं बोललं असं मी म्हणत नाही. निर्णयाच्या उंबरठ्यावर गोष्टी डळमळतात, हे कुणालाही समजतं. पण अधिसूचना निघाली का, हे न पाहता आनंद वाटून टाकायची घाई ही सवयीची गोष्ट आहे. आणि ही सवय जनसंघ-भाजपच्या ज्या राजकीय घराण्यात आज दिसते, त्याच घराण्यात एकेकाळी नेमकी उलटी शिस्त होती, म्हणून हा लेख.

रामभाऊ म्हाळगी. जन्म १९२१, खेड तालुक्यातल्या कडूसचा. पेशाने वकील, संघाचे कार्यकर्ते, जनसंघाचे नेते; विचाराने पक्के परंपरावादी. १९५७ मध्ये ते मावळातून विधानसभेवर गेले. मावळ म्हणजे पाऊस, भात आणि डोंगर. पुण्याच्या पेठांतल्या वकिलाला सोपा मतदारसंघ नव्हे. पुढे पुणे शहरातून आमदार आणि १९७७ व १९८० मध्ये ठाण्यातून खासदार. १९८२ साली ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने प्रबोधिनी उभी राहिली. भाईंदरजवळ उत्तनला आज तिथे लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण मिळतं.

रामभाऊंची ख्याती भाषणांवर नव्हती. सभागृहात आपण वर्षभर काय केलं, याचा अहवाल ते दरवर्षी छापून मतदारांसमोर ठेवायचे. प्रश्नाला सरकारने काय उत्तर दिलं, लक्षवेधी कशावर मांडली, कुठल्या विधेयकावर आपण काय भूमिका घेतली, हे सगळं हिशेबाच्या वहीसारखं. पत्रांना उत्तरं देण्याचा त्यांचा काटेकोरपणा तर त्यांच्या विरोधकांनीही मान्य केला. सरकारकडून आलेलं ‘नाही’ हे उत्तरही मतदाराला कळलं पाहिजे, असा त्यामागचा विचार दिसतो. आज कुठल्या आमदाराच्या कार्यअहवालात ‘नाही’ सापडतं? चकचकीत कागदावर रस्ते, सभामंडप, हायमास्ट दिवे. शेतमालाच्या धोरणावर एक ओळ असली तरी नशीब.

अर्थात रामभाऊंचं उदाहरण देताना एक गोष्ट लपवू नये. त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकावर गेली. सरकारने काय नाकारलं हे विरोधकाने छापणं सोपं असतं; आपल्याच सरकारने काय नाकारलं हे छापायला वेगळं काळीज लागतं. शिवाय मावळची जागा १९६२ नंतर त्यांच्याकडे राहिली नाही. हिशेब चोख ठेवला म्हणून मतं मिळतात असा काही नियम नाही.

नगर जिल्ह्याची परंपरा वेगळ्या मातीची. इथे माहिती आली ती सहकाराच्या वाटेने. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी कारखाना उभा केला, तेव्हापासून उसाचं धोरण सभासदाला कळायचं ते कारखान्याच्या वार्षिक सभेत. अण्णासाहेब शिंदे कोपरगावातून निवडून जाऊन केंद्रात शेती खात्याचे राज्यमंत्री झाले; हरितक्रांतीची वर्षं त्यांनी त्या खात्यात काढली. बाळासाहेब विखे पाटील काँग्रेसमधून शिवसेनेत गेले, वाजपेयी सरकारात अर्थ खात्याचे राज्यमंत्री झाले, पुन्हा काँग्रेसमध्ये आले. पक्ष बदलले तरी पश्चिमेला वाहून जाणारं पाणी गोदावरी खोऱ्यात वळवा, हा त्यांचा धोशा कायम राहिला. पाणी परिषदांमधून त्यांनी तो विषय बांधापर्यंत नेला. त्याला मी माहिती देणंच म्हणेन, जरी ती एकाच विषयाची आणि एकाच बाजूची होती.

पण सहकाराच्या वाटेने येणारी माहिती सभासदापुरती. कांद्याला कारखाना नाही, वार्षिक सभा नाही. कांदेवाल्याला आडतदार, मोबाईल आणि खासदार एवढेच.

तीन कृषी कायद्यांच्या वेळी हे फार टोचलं. जून २०२० मध्ये वटहुकूम, सप्टेंबरात संसदेत मंजुरी, नोव्हेंबर २०२१ मध्ये माघार. दीड वर्षात बाजार समितीबाहेर विकल्यावर सेसचं काय, करार मोडला तर दाद कुठे मागायची, हे समजावून सांगणारी सभा सत्ताधाऱ्यांनी घेतली असती तर विरोधालाही धार आली असती आणि पाठिंब्यालाही. घोषणाच जास्त झाल्या. गंमत अशी की या कायद्यांवर नेमलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीवर याच जिल्ह्यातले शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. समितीचा अहवाल मार्च २०२१ मध्ये बंद पाकिटात गेला आणि तसाच राहिला. वर्षभराने, कायदे रद्द झाल्यावर, घनवटांनीच तो जाहीर केला. प्रतिसाद देणाऱ्या ७३ शेतकरी संस्थांपैकी ६१ संस्था कायद्यांच्या पूर्ण बाजूने होत्या, असं त्यात निघालं. हा आकडा पटो न पटो, तो वेळेवर कळायला हवा होता.

याउलट जे सांगण्यात सोय असते ते तत्परतेने कळतं. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीला पंतप्रधानांच्या हस्ते निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं जलपूजन झालं, नमो शेतकरी महासन्मान योजनाही सुरू झाली. योजनेचा हप्ता खात्यावर पडला की नागापूरच्या टपरीवर तासाभरात माहीत. १९७० साली सुमारे आठ कोटींत मंजूर झालेलं निळवंडे पाच हजार कोटींवर कसं गेलं, याचं पत्रक मात्र कुणी वाटलं नाही. त्यात सगळ्याच पक्षांच्या सरकारांची नावं येतात, म्हणूनही असेल.

आणि मग २०२४ ची निवडणूक. नगरचे तेव्हाचे खासदार सुजय विखे पाटील, न्यूरोसर्जन, भाजपचे. समोर पारनेरचे नीलेश लंके. प्रचारात गाजला तो मुद्दा कोणता, तर संसदेत इंग्रजी बोलता येतं का! लंकेंनी निवडून आल्यावर शपथ इंग्रजीतून घेऊन उत्तर दिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांत सामील होता आलं नाही. खासदाराने दिल्लीत कुठल्या भाषेत बोलावं यावर एवढी चर्चा. दिल्लीतलं परत येऊन मराठीत काय सांगावं, यावर काहीच नाही. त्याच प्रचारादरम्यान ४ मे रोजी निर्यातबंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावूनच. नगरचं मतदान १३ मे रोजी होतं. विखे सुमारे २९ हजार मतांनी पडले.

कांद्यामुळेच पडले असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला तितकं सरळ वाटत नाही. नगरच्या राजकारणात सोयरीक, साखर आणि जुनी उणीदुणी कांद्याइतकीच तिखट. पण सत्ताधारी खासदाराची पंचाईत खरी होती. शहरातल्या ताटात कांदा स्वस्त राहावा हे त्याच्या सरकारचं धोरण, आणि त्याला निवडून देणारे लोक कांदा पिकवणारे. अशा वेळी ‘मी विरोध केला, ऐकलं नाही, कारण अमुक’ एवढं लिहून देणारा एक कागद निघाला असता तर पक्षात त्याचं काय झालं असतं, ते सांगता येत नाही. रामभाऊंनी असा कागद काढला असता, एवढं मात्र त्यांच्या सवयीवरून वाटतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. तोवर बऱ्याच चाळी रिकाम्या झाल्या होत्या. टपरीवर त्या दिवशीही मोबाईल फिरले. नव्या खासदाराच्या बाजूचे आणि जुन्या खासदाराच्या बाजूचे असे दोन्हीकडचे संदेश होते, दोघांनीही श्रेय घेतलेलं. पहिल्या पाळीच्या एका कामगाराने दोन्ही वाचले, मोबाईल खिशात टाकला आणि नेप्तीला फोन लावून विचारलं, “एक नंबरच्या वक्कलाला काय निघाला?”