अंजिराने शुगर कमी होते का? झाडांच्या एका हार्मोनची आपल्या रक्तापर्यंतची गोष्ट

अंजिराने शुगर आटोक्यात येते, असं सांगणारी एखादी रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. गंमत म्हणजे यामागे खरंच संशोधन आहे. फक्त ते अंजिराबद्दल कमी आणि झाडांच्या एका हार्मोनबद्दल जास्त आहे. त्याचं नाव ॲब्सिसिक ॲसिड, थोडक्यात एबीए.

1960 च्या दशकात हा हार्मोन झाडांमध्ये सापडला. जमिनीतलं पाणी कमी झालं की झाड एबीए तयार करतं, मग पानांवरची बारीक छिद्रं मिटतात आणि पाणी वाचतं. बी भलत्याच वेळी रुजू नये, याचीही काळजी तोच घेतो. थोडक्यात, झाडाचा संकटकाळातला निरोप.

मग हा आपल्या शरीरात काय करतोय?

1986 मध्ये डुक्कर आणि उंदरांच्या मेंदूत एबीए सापडलं. चाऱ्यातून आलं असेल, अशी शंका येणं साहजिकच होतं. पण इटलीतल्या जेनोआ विद्यापीठातल्या एलेना झोक्की आणि सांतिना ब्रुझोने यांच्या टीमने हा धागा सोडला नाही. आधी त्यांनी समुद्री स्पंजमध्ये पाहिलं, तर पाणी तापल्यावर स्पंजमध्ये एबीए वाढत होतं. 2007 मध्ये माणसाच्या पांढऱ्या पेशीही ते स्वतः बनवतात, हे दिसलं. 2008 मध्ये कळलं की स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडण्यातही त्याचा हात आहे.

आता मुख्य मुद्दा. जेवल्यावर रक्तातली साखर पेशींमध्ये जायला हवी. पेशीचं हे दार सहसा इन्सुलिन उघडतं. एबीए स्नायूंच्या पेशींमध्ये जवळपास तसंच काम करतं, तेही इन्सुलिनशिवाय. निरोगी माणसाने ग्लुकोज प्यायल्यावर रक्तातलं एबीए वाढतं, टाइप 2 डायबेटिसच्या रुग्णांमध्ये मात्र ही वाढ दिसत नाही. म्हणूनच संशोधकांची उत्सुकता चाळवली.

दाहाचं, म्हणजे इन्फ्लमेशनचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. जेनोआच्या प्रयोगांत एबीएने पांढऱ्या पेशींना चेतवलं, म्हणजे दाह वाढवणारं काम केलं. उलट अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये लठ्ठ, डायबेटिस असलेल्या उंदरांना खाण्यातून एबीए दिलं, तर चरबीतला दाह कमी झाला आणि शुगरही सुधारली. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. कुठली पेशी, किती प्रमाण आणि शरीराची अवस्था काय, यावर परिणाम बदलतो. त्यामुळे 'दाह कमी करणारा हार्मोन' असं सरळ लेबल लावणाऱ्या पोस्टवर माझा तरी विश्वास बसत नाही. पेशींवर एबीए जिथे पकडतं, त्या लान्सल2 नावाच्या प्रथिनाला लक्ष्य करणारं ओमिलॅन्कर हे औषध आतड्यांच्या दाहासाठी माणसांवर तपासलं गेलंय.

आणि अंजीर? अंजीर, जर्दाळू, ॲव्होकॅडो यांत एबीए असतं. 2015 मध्ये जेनोआच्या टीमने फळांच्या अर्कातून अगदी थोडं, शरीराच्या दर किलो वजनामागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावं इतकंच एबीए दिलं. उंदीर आणि माणसं, दोघांमध्येही साखर आणि इन्सुलिन कमी वाढलं. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियात अंजिराच्या अर्कावर अशीच चाचणी झाली, पण फक्त 10 जणांवर, आणि तेही निरोगी.

या चाचण्यांमध्ये लोकांना अर्क दिला होता, मूठभर अंजिरं नाही. सुक्या अंजिरात वजनाच्या जवळपास निम्मी साखरच असते. पुरंदरचं ताजं अंजीर पाणीदार असल्यामुळे त्यात ती बरीच कमी भरते, पण डायबेटिस असेल तर तेही मोजूनच खावं लागतं. गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करून त्याऐवजी एबीए चालेल, असं दाखवणारी मोठी चाचणी अजून झालेली नाही.