भुयारांतील सारथी

ज्या गोष्टीवांचून आपलें क्षणभर चालत नाहीं तिचें नांव आपल्या तोंडीं बहुधा ती बिघडल्यावरच येतें. नळाला पाणी येत असतां त्यामागें कोण झटत आहे याचा विचार घरांत कोणी करीत नाहीं. पाणी बंद झालें कीं मात्र लहानथोर सर्व मंडळी नगरपालिकेच्या कारभारावर टीका करूं लागतात. मोठ्या शहरांतील आगगाड्या व त्या चालविणारीं माणसें यांच्या वांट्यास हाच न्याय येतो. गाडी वेळेवर आली तर ती आपोआप आली. उशीर झाला तर तो मात्र 'त्यांनीं' केला! या 'त्यांनीं' शब्दांत कोणकोण येतें, आणि त्यांच्याविषयीं आपण जें बोलतों तें कितपत न्याय्य असतें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

उदाहरणासाठीं आम्ही न्यूयॉर्क शहराची भुयारी रेल्वे घेतों. तिला शंभरांहून अधिक वर्षें झालीं असून लोकांची प्रीति व लोकांचा रोष हीं दोन्ही तिनें पोटभर अनुभविलीं आहेत. आतां आपल्या मुंबईलाही जमिनीखालून धांवणारी गाडी मिळाली असल्यामुळें तिकडील अनुभव आपल्या वाचकांस अगदींच परका वाटणार नाहीं.

ही रेल्वे ता. २७ ऑक्टोबर १९०४ रोजीं सुरू झाली. पहिली गाडी समारंभापुरती महापौर मॅक्लेलन यांच्या हातीं दिली होती. थोडें अंतर गेल्यावर त्यांनीं ती नेहमींच्या चालकाच्या स्वाधीन करावी असा बेत होता. परंतु महापौरांस त्या कामाची अशी कांहीं गोडी लागली कीं, हातांतील दांडा सोडण्याचें नाकारून त्यांनीं गाडी १०३ व्या रस्त्याच्या स्टेशनापर्यंत स्वतःच नेली. एका दिवसापुरतें गाडी हांकणें हें महापौरालाही भूषण वाटतें. तेंच काम पोटासाठीं जन्मभर, सूर्यप्रकाशावांचून करणाऱ्याकडे मात्र समाज निराळ्याच दृष्टीनें पाहतो.

ही दृष्टि केवळ पाश्चात्त्यांचीच आहे असें समजण्याचें कारण नाहीं. आपल्या महाभारतांत कर्णाला आयुष्यभर बोंचलेला शब्द 'सूतपुत्र' हाच होता. दुर्योधनानें शल्य राजाला कर्णाचें सारथ्य करण्याची विनंती केली तेव्हां तो अपमानानें लाल झाला. कसाबसा तयार झाला तो आपल्या जिभेवर कोणाचें बंधन नसावें या अटीवर, आणि मग ऐन रणांत त्यानें कर्णाचा तेजोभंग आरंभिला. उलट पक्षीं, भर युद्धांत रथाचे घोडे सोडून त्यांस पाणी पाजण्यांत श्रीकृष्णाला कमीपणा वाटला नाहीं. ज्या कामाची करणाऱ्यालाच लाज वाटावी अशी स्थिति समाज उत्पन्न करतो, तें काम चांगलें होत नाहीं, हा बोध व्यासांनीं आपल्यापुढें केव्हांच ठेवला आहे.

आतां हें भुयारांतील काम असतें तरी कसें? न्यूयॉर्कच्या या रेल्वेचीं ४७२ स्टेशनें असून गाड्या अहोरात्र चालतात. त्यामुळें रुळांची दुरुस्ती करणाऱ्यांस पुष्कळदां चालू गाड्यांच्या शेजारींच काम करावें लागतें. दोन रुळांच्या जोडीला विजेचा तिसरा रूळ असतो. त्यांत सुमारें ६०० व्होल्टांचा प्रवाह खेळत असतो. पाऊस नसलेल्या दिवशींसुद्धां या भुयारांतून एक कोटीहून अधिक गॅलन पाणी पंपांनीं उपसून काढावें लागतें. २०१२ च्या ऑक्टोबरांत 'सँडी' वादळानें समुद्राचें खारें पाणी बोगद्यांत शिरलें, तेव्हां अवघ्या तीन दिवसांत कांहीं गाड्या पुनः धांवूं लागल्या. पाणी उपसणाऱ्यांपैकीं एकाचें तरी नांव प्रवाशांच्या कानीं गेलें असेल काय?

गाडीच्या मध्यभागीं असणाऱ्या कंडक्टरची, म्हणजे आपल्याकडील गार्डाची, गोष्ट याहून बोलकी आहे. प्रत्येक फलाटाच्या मधोमध काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक फळी टांगलेली असते. गाडी थांबतांच कंडक्टरनें खिडकींतून त्या फळीकडे बोट दाखवावयाचें व मगच दारें उघडावयाचीं, असा १९९६ पासूनचा नियम आहे. सर्व डबे फलाटालगत उभे आहेत याची ती खूण होय. कित्येक वर्षें लाखों प्रवासी हें बोट पाहत असून न पाहिल्यासारखे होते. २०१३ सालीं कांहीं तरुणांनीं त्या फळीखालीं विनोदी मजकुराचे कागद धरून उभें राहण्याची युक्ति काढली. नियमाप्रमाणें कंडक्टरांस तिकडे बोट दाखवावेंच लागे, व त्यांच्या मुद्रेवर हंसूं फुटे. त्या गमतीचीं चित्रें जगभर पसरलीं, तेव्हां कोठें लोकांस कळलें कीं, हें बोट आपल्या रक्षणासाठीं उठत होतें.

"गाडी काय, कोणीही हांकील!" असें म्हणणाऱ्यांनीं १९१८ सालची एक घटना ध्यानांत ठेवावी. त्या वर्षीं १ नोव्हेंबर रोजीं ब्रुकलिन भागांतील मोटरमनांनीं संप पुकारला होता. कंपनीनें गाड्या बंद न ठेवतां, एरव्हीं गाड्यांवर माणसें नेमण्याचें काम करणाऱ्या एका तरुणास नांवापुरतें शिकवून चालकाच्या जागीं बसविलें. माल्बोन रस्त्याजवळील वळणावर वेगाची मर्यादा ताशीं सहा मैल होती. त्याची गाडी तेथें तीस मैलांहून अधिक वेगानें आली व रूळ सोडून बोगद्याच्या भिंतीवर आदळली. लांकडी डब्यांचा चुराडा होऊन नव्वदांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. खटले झाले, परंतु कोणावरच दोष सिद्ध झाला नाहीं. पुढें त्या रस्त्याचें नांव मात्र बदलण्यांत आलें.

याची दुसरी बाजू झांकून ठेवणें आमच्या शिक्षकी पेशाला शोभणार नाहीं. ता. २८ ऑगस्ट १९९१ रोजीं युनियन स्क्वेअर स्टेशनाजवळ मद्यप्राशन केलेल्या चालकाची गाडी रुळांवरून घसरली व पांच माणसें प्राणांस मुकलीं. त्या चालकास शिक्षा झाली व ती योग्यच होती. त्याच वर्षीं वाहतुकीच्या नोकरांची मद्य व मादक द्रव्यें यांविषयीं तपासणी करण्याचा कायदा अमेरिकेंत संमत झाला. परंतु एकाच्या अपराधाबद्दल सबंध वर्गाला दोषी धरणें हा न्याय नव्हे. वर्गांतील एका मुलानें शाई सांडली म्हणून चाळीस मुलांच्या हातांवर छडी मारणाऱ्या मास्तराला आपण काय म्हणतों?

लोकांचा रोष शिगेला पोहोंचतो तो संपाच्या वेळीं. १ जानेवारी १९६६ रोजीं, महापौर लिंडसे यांच्या कारकीर्दीच्या पहिल्याच दिवशीं, कामगारांचे आयरिश पुढारी माइक क्विल यांनीं संप सुरू केला. तो बारा दिवस चालला. क्विल यांनीं न्यायालयाचा मनाईहुकूम फाडून टाकला. त्यांना कैद झाली, तेथें त्यांची प्रकृति ढांसळली आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस ते वारले. पुढील वर्षीं सरकारी नोकरांच्या संपास बंदी करणारा 'टेलर कायदा' झाला. तरीही १९८० सालीं अकरा दिवस, व २००५ च्या डिसेंबरांत, नाताळच्या तोंडावर, सुमारें साठ तास गाड्या बंद राहिल्या. या शेवटल्या प्रसंगीं महापौर ब्लूमबर्ग यांनीं संघाच्या पुढाऱ्यांचें वर्तन गुंडगिरीचें ठरविलें, आणि त्या एका शब्दानें कामगारांचीं मनें दंडाच्या रकमेपेक्षां अधिक दुखावलीं असें आम्हांस वाटतें.

संप न्याय्य कीं अन्याय्य याचा निकाल एका वाक्यांत देतां येत नाहीं. कडाक्याच्या थंडींत मैलोगणती पायीं जाणारा गरीब मजूर, रुग्णालयांत वेळेवर न पोहोंचणारी परिचारिका, यांचे हाल खरेच असतात. परंतु ज्या माणसांनीं काम थांबवितांच एवढें मोठें शहर लंगडें होतें, तीं माणसें उरलेल्या दिवसांत आपल्या कवडीमोल कां वाटावीं? रोष करणारा मनुष्य नकळत त्यांची थोरवीच मान्य करीत असतो. फक्त ती त्यानें एरव्हींही मान्य करावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

न्यूयॉर्कच्या स्टेशनांतून एक पाटी लावलेली असते: या खात्याच्या नोकरावर हल्ला करणें हा गंभीर गुन्हा असून त्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. अशी पाटी लावण्याची गरज पडावी यांतच लोकवृत्तीचें माप मिळतें. आणि तरीही २०२० सालीं, कोविडच्या सांथीनें शहर घरांत कोंडलें असतां, डॉक्टर व परिचारिका यांना इस्पितळांत पोहोंचविण्यासाठीं गाड्या चालूच होत्या. त्या वर्षीं ६ मेपासून मात्र त्या धुऊन काढण्यासाठीं रात्रीं कांहीं तास बंद ठेवूं लागले, आणि अखंड रात्रसेवा १७ मे २०२१ रोजीं पुनः सुरू झाली. त्या सांथींत तेथील भुयारी गाड्या, बसगाड्या व उपनगरी रेल्वे मिळून दीडशेंहून अधिक नोकर दगावले.

आपल्याकडे पाहूं जातां, मुंबईंत विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ पासून धांवत आहे, आणि आरे ते कफ परेड ही सत्तावीस स्थानकांची भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरांत पूर्णपणें सुरू झाली. म्हणजे मोटरमन हा आपल्या घरांतील चारपांच पिढ्यांचा सोबती आहे. रुळांवर अचानक आलेला मनुष्य ज्याला दिसतो, पण गाडी जागच्या जागीं थांबविणें ज्याच्या हातांत नसतें, आणि तें दृश्य घेऊनच जो रात्रीं घरीं जेवावयास बसतो, तो हा मोटरमन. गाडी पांच मिनिटें खोळंबली कीं त्याच्या कुळाचा उद्धार करणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांनीं हें क्षणभर मनांत आणावें.

आमच्या शिक्षकीच्या काळांत "अभ्यास केला नाहींस तर गाडी हांकावी लागेल!" हा धाक पालकांच्या तोंडून आम्हीं कितीदां तरी ऐकला आहे. हा धाक आपल्या घरांतून आतां हद्दपार व्हावा. मुलाला गाडींतून नेतांना पुढच्या खिडकींतील माणसाकडे बोट दाखवून "हे आपल्याला घरीं पोहोंचवितात" एवढें सांगण्यास कांहीं खर्च येत नाहीं. तक्रार असेल तर ती जरूर करावी, पण लेखी, सभ्य भाषेंत, आणि ज्याच्या हातीं कारभार आहे त्याच्याकडे. फलाटावर समोर उभ्या असलेल्या नोकरास अद्वातद्वा बोलून गाडी लवकर आल्याचें उदाहरण अद्याप तरी आमच्या ऐकिवांत नाहीं.