पांढरपेशी गुन्हेगारी आणि आपली पेढी

व्यापाऱ्याचे खरे भांडवल तिजोरीत नसते; ते त्याच्या शब्दात असते. कोहिनूर, बसवकल्याण, भालकी, आळंद या आपल्या सीमाभागात तूर, उडीद, सोयाबीन यांचे सौदे अद्याप पुष्कळ अंशी तोंडी विश्वासावर होतात. हा विश्वास हेच ज्याचे भक्ष्य आहे, अशा एका नव्या चोरीचा विचार आम्ही येथे मांडू इच्छितो.

1939 साली एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आपल्या अध्यक्षीय भाषणात एक नवी संज्ञा प्रचारात आणली. गुन्हा हा केवळ दारिद्र्यातून उपजतो, हा समज त्याने खोडून काढला. प्रतिष्ठित मनुष्य आपल्या व्यवसायाच्या आडोशाने जो अपराध करतो, त्यास त्याने ‘व्हाइट कॉलर क्राइम’ म्हटले. आपण त्यास पांढरपेशी गुन्हेगारी म्हणतो. जगाला ही गोष्ट नवी वाटली, तरी आपणांस ती नवी वाटू नये. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते दरोडेखोरास उद्देशून नाहीत. दुसऱ्याकरवी चोरी करविणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे निर्बंध मोडून व्यापार करणे, खोटी मापे वापरणे आणि अस्सलात नक्कल मिसळणे हे पाचही दोष दुकानाच्या उंबरठ्याच्या आतले आहेत.

आता या चोरीस संगणकाची जोड मिळाली आहे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक 1906 साली स्थापन झालेली. 11 ऑगस्ट 2018 रोजी चोरट्यांनी तिच्या यंत्रणेत शिरकाव करून एटीएमच्या मागण्यांना परस्पर होकार देणारी एक बनावट व्यवस्था उभी केली. बनावट कार्डांच्या साहाय्याने 28 देशांतून सुमारे 78 कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काही तासांत काढले गेले. 13 ऑगस्टला आणखी सुमारे 14 कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. एकूण 94 कोटींची ही लूट. परंतु कोणी कुलूप फोडले नाही. मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. डोके कोठेही असो, यंत्रातून नोटा काढणारे हात कोल्हापुरासारख्या आपल्याच मुलखातील शहरांतही होते. 2023 साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी 11 जणांस शिक्षा ठोठावली.

यंत्रणा फोडणे कठीण जाते तेव्हा चोर माणसाचे मन फोडतो. ऑगस्ट 2024 मध्ये लुधियान्याच्या वर्धमान उद्योगसमूहाचे वयोवृद्ध अध्यक्ष श्री. ओसवाल यांना सीबीआयच्या नावाने दूरध्वनी आला. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले आणि सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून सात कोटी रुपये उकळण्यात आले. त्यांपैकी सुमारे सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळविले, कारण तक्रार झाली. एवढा अनुभवी उद्योगपती फसतो, तेथे आपल्या गावातील विधवा आजी वा तरुण मुनीम फसल्यास त्यास हसण्याचे कारण नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक आपल्या कोणत्याही कायद्यात नाही, हे मात्र घरातील प्रत्येकास ठाऊक हवे.

या कथेची अधिक दारुण बाजू पुढेच आहे. फोनवरून धमकावणारा आवाज पुष्कळदा स्वतःच कैदी असतो. संगणकावरील चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना थायलंडमार्गे म्यानमारमध्ये, तसेच कंबोडियात नेले जाते. तेथे पारपत्रे काढून घेऊन मारझोडीच्या धाकाने त्यांच्याकडून फसवणुकीचे काम करविले जाते. मार्च 2025 मध्ये भारत सरकारने म्यानमार-थायलंड सीमेवरून 549 भारतीयांना विमानांनी परत आणले. आपल्या संविधानाच्या 23व्या अनुच्छेदाने माणसांच्या अपव्यापारास मनाई केली आहे. ज्या शब्दात ‘व्यापार’ आहे, तो शब्द माणसाच्या विक्रीला लागावा, ही व्यापारी समाजास लज्जा वाटावी अशी गोष्ट होय. म्हणून दूरदेशीच्या नोकरीस निघालेल्या आपल्या वा आपल्या नोकराच्या मुलाची कागदपत्रे, नेमणुकीचे पत्र आणि दलालाची सरकारी नोंदणी वडीलधाऱ्यांनी स्वतः पाहावी.

आता आपल्या पेढीकडे येऊ. चोरलेला पैसा फिरविण्यास चोराला खाते लागते. आणि व्यापाऱ्याच्या चालू खात्यातून मोठ्या रकमा नित्य ये-जा करीत असल्याने त्याला तेच अधिक सोयीचे वाटते. “शेठजी, चार दिवस खाते वापरू द्या, शेकडा दोन रुपये देतो,” असे गोड बोलून कोणी येतो. मालाविना जीएसटीचे बिल फाडण्याची विनंतीही त्याच जातीची. यात आपण चोरी केली नाही, असे मनास समजावता येते. परंतु चोरीचा माल घेणे हाही दोषच, हे वर सांगितलेच आहे. कायदाही तसेच मानतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 111व्या कलमात संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत आर्थिक गुन्हे, सायबर गुन्हे आणि मनुष्यव्यापार हे एकाच पंक्तीत बसविले आहेत. दोन टक्क्यांच्या दलालीपायी पिढ्यांची पत गहाण पडते आणि खाते गोठले की प्रामाणिक अडतीचे पैसेही अडकून पडतात.

दुर्दैवाने फसगत झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्यापूर्वी ती रोखता आली तरच हाती लागते. त्याच वेळी आपल्या बँकेसही लेखी कळवावे. दुकान कर्नाटकात, बँक महाराष्ट्रात आणि चोर तिसऱ्याच प्रांतात, अशी आपल्या सीमाभागाची अडचण असते. परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173व्या कलमानुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी जवळच्या ठाण्यात माहिती नोंदविता येते. ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर ऐकून परतण्याचे कारण नाही.

पूर्वी दिवाणजी दिवेलागणीला रोकडवही मिळवल्याशिवाय घरी जात नसत. तीच शिस्त आता मोबाईलवरील जमा-खर्चास लावावी, ओटीपी कोणासही सांगू नये आणि खाते कोणासही वापरू देऊ नये. सभासद बंधू-भगिनींनी या सूचना घरातील ज्येष्ठांना व गाद्यांवरील नोकरमंडळींना अवश्य वाचून दाखवाव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे.