हिंजवडीतून निघालेला लॉट

हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात येतं, हे पुण्यातही अनेकांना माहीत नसतं. तिथल्या कंपन्या लॅपटॉप तीन-चार वर्षं वापरून एकगठ्ठा काढून टाकतात. व्यापारी त्याला ‘लॉट’ म्हणतात. पौड, पिरंगुट, भूगावकडच्या चित्रकारांना, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना मी अशा लॉटमधूनच मशीन निवडून देतो आणि त्यावर लिनक्स टाकतो.

लॉटमधल्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्कच नसते. आतली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून कंपन्या ती आधीच काढून नष्ट करतात. दुकानदार मग मिळेल ती एसएसडी बसवतो. चिठ्ठीवर ‘512 जीबी’ लिहिलेलं असतं. ती किती झिजलेली आहे, हे मात्र डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल ही लिनक्सवरची आज्ञा चालवल्यावरच कळतं.

पासवर्डच्या कुलपाचा किस्सा तर दर काही महिन्यांनी घडतो. एका मुलाने साठवलेल्या पैशांतून थिंकपॅड घेतला. घरी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, तर बायोस सुपरवायझर पासवर्ड मागू लागलं. जुन्या कंपनीने घातलेला पासवर्ड कुणी काढलाच नव्हता. तो माहीत नसेल तर अधिकृत उपाय एकच, मदरबोर्ड बदलणे. हे पाहून फार वाईट वाटतं, कारण दुकानातच एफ1 दाबून पाहिलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

पडद्याबाबत तर मी कुणाचंच ऐकत नाही. थिंकपॅड टी480 बाहेरून सगळे सारखेच. आत मात्र कुठे 1366 बाय 768 चा टीएन पॅनल, तर कुठे फुल एचडी आयपीएस. दुकानदार झगमगता वॉलपेपर लावून दाखवतो. मी पडदा वरखाली कलवतो. टीएन असेल तर रंग लगेच उलटेपालटे होतात. नेहमीचा फुल एचडी पॅनलही एसआरजीबी या प्रमाण रंगपट्ट्यातले साधारण दोन-तृतीयांशच रंग दाखवतो. छपाईसाठी रंग ठरवायचे असतील तर वेगळा मॉनिटर हवाच.

मुळशीच्या तलावाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होते, पण ताम्हिणीकडच्या गावांत पावसाळ्यात वीज जाते ती तासन्‌तास. इथे टी480 च्या दोन बॅटऱ्या कामी येतात. आतली चालू ठेवून बाहेरची बदलता येते, मशीन बंद करावं लागत नाही. क्रिटामध्ये अर्धवट राहिलेल्या चित्राला याचं मोल कळतं.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 सातव्या पिढीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरना स्वीकारत नाही. लिनक्सला ही अडचण नाही. इंटेलचे ग्राफिक्स वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतात. एक इशारा मात्र देतो: ज्यांचं पोट श्रीलिपी या विंडोजवरच्या टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या छपाईच्या कामावर आहे, त्यांनी एक विंडोज मशीन ठेवावंच.

माझा निवाडा असा. चित्रं आणि फोटो एवढंच काम असेल तर सातव्या पिढीचा टी470 पुरतो. केडेनलाइव्हमध्ये व्हिडिओ कापायचे असतील तर टी480 घ्या. त्यातल्या आठव्या पिढीपासून अशा लॅपटॉपच्या आय5 मध्ये दोनाऐवजी चार कोअर आले. दोन्हींची रॅम बदलता येते, ती 16 जीबी करा. आय7 साठी जादा पैसे देऊ नका, ते मॉनिटरवर घाला. आणि दुकानात जाताना लिनक्सचा पेनड्राइव्ह खिशात ठेवा. तो लावू न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.